कोरड्या मुलखाचा आरमारवाला

मैंदर्गीच्या बाजारात, लिंबाच्या झाडाखाली, धुळाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक फळी आणि फळीवर पसरलेला लोकांच्या घरातला बिघाड. वात वर न चढणारे कंदील, फुसफुसणारे स्टोव्ह, किल्ली हरवलेली कुलपं, टाके चुकवणारं शिंप्याचं मशीन. मागच्या पत्र्यावर एका खिळ्याला निळी टोपी टांगलेली असे. तिला हात लावू नका, असं धुळा कधी म्हणाला नव्हता, पण कोणी लावतही नसे. त्या सगळ्या भागात समुद्र पाहून आलेला माणूस तो एकटा, आणि त्या समुद्राचा पुरावा म्हणून गावाजवळ ती एवढी टोपीच होती.

मराठी बोलणारे त्याला आरमारवाला म्हणत. कानडी बोलणाऱ्या बाया हडगिन धुळप्पा म्हणत, म्हणजे जहाजाचा धुळप्पा. हाक कुठल्याही नावानं आली तरी धुळा आधी मान खाली घाली आणि मग ओ देई. लोक म्हणत, एवढं जग बघून आला पण गर्वाचा लवलेश नाही. गर्व कुठून असणार? त्याला लाज वाटत होती. ती कशाची, हे गावात फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

धुळाला पोहता येत नव्हतं.

यात एवढं लाजायचं काय, असं कोणी म्हणेल. म्हणणारा आरमारात जाऊन आलेला नसतो, आणि त्यातून मैंदर्गीला राहिलेला नसतो. या मुलखात पाणी पाहायचं तर विहिरीत वाकून पाहायचं. अशा लोकांना वाटे की जहाजावरचा माणूस म्हणजे मासाच. दिवसभर पाण्यात सूर मारणार आणि जेवायला तेवढा वर येणार. जहाज पाण्यावर असतं आणि माणूस जहाजात असतो, एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती. आणि धुळानं ती शिरूही दिली नव्हती.

तो मूळचा सांगोल्याकडचा, धनगराचा. लहानपण मेंढरांमागं गेलं. तिकडच्या ओढ्यात मेंढराचे खूर भिजले तरी लोक म्हणत, यंदा बरं पाणी आलं. एका वाईट वर्षात कळप बसला तो उठला नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं, भरतीवाला गावोगाव हिंडत होता. धुळा निघाला होता पलटणीत जायला. मुंबईला त्याचे खांदे कोणीतरी दाबून पाहिले आणि त्याला आरमारात कोळसे ओढायला घातला.

तिथून पुढं बसऱ्यापर्यंत किती फेऱ्या झाल्या ते त्यालाही सांगता येत नसे, कारण तो सगळा काळ जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या तोंडाशी गेला. हवा खायला वर आला की समुद्राकडं पाठ करून बसायचा. पहिल्या दिवशी त्यानं कठड्यावरून खाली पाहिलं होतं आणि पोटातलं सगळं बाहेर आलं होतं. खाली बॉयलरशी पोहता येतं का म्हणून कोणी विचारत नसे. तिथं माणूस भाजायचा, बुडायचा नाही. रत्नागिरीकडच्या एका टंडेलानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, त्याला हाताशी धरून वाफ कुठून गळते ते ओळखायला शिकवलं, फुटक्या नळीला डाग द्यायला शिकवलं, दोराच्या गाठी शिकवल्या. पोहायला तेवढं शिकवलं नाही. त्या टंडेलालाही येत नव्हतं.

लढाई संपल्यावर काही वर्षं त्यानं सोलापुरात एका गिरणीच्या बॉयलरवर काढली. छातीत धूर बसला, खोकला हटेना, तेव्हा मोकळ्या हवेला म्हणून मैंदर्गीला आला आणि पत्रे ठोकले. पहिलं गिऱ्हाईक दानम्मा. गावाला लागून तिचा मळा होता. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं राखलेला, आणि तिच्या शब्दाला गावात मान होता. कुलूप घेऊन आली, टोपीकडं पाहिलं आणि म्हणाली की एवढी वर्षं पाण्यात काढलीस, तर पवायला यतंच असंल की.

धुळा म्हणाला, "तर."

एवढा एकच शब्द. नवं गाव, पहिलं गिऱ्हाईक, पोटाची काळजी, आणि समोर इतक्या कौतुकानं पाहणारी म्हातारी. त्या घडीला कोण नाही म्हणेल? पण पुढं त्याला दुसरं काही म्हणावंच लागलं नाही. गावानंच सगळं वाढवलं. कोणी म्हणालं, बसऱ्याला बोट बुडाली तेव्हा आरमारवाला गोऱ्या साहेबाला पाठीवर घेऊन काठाला लागला. कोणी म्हणालं, तो श्वास कोंडून तळाशी बसतो. धुळा स्टोव्हच्या भोकात तार घालत बसायचा, ऐकायचा आणि मान खाली घालायचा. गप्प राहणं किती सोपं असतं, आणि रोज थोडं थोडं किती महाग होत जातं, हे त्याच्याइतकं त्या बाजारात कोणाला कळलं नसेल.

विहिरीत बादली पडली की लोक त्याच्याकडं येत. त्यावर त्यानं तोड काढली. लोखंडी आकड्यांचा एक गळ बनवला, असा नामी की बुडालेली घागरसुद्धा काठाला धरून वर यावी. काठावर उभा राहून तो गळ फिरवायचा, पाण्यात उतरायची वेळच येऊ द्यायचा नाही. गाव म्हणालं, बघा, आरमाराची विद्या.

त्याची बायको केराबाई भीमेकाठची. लहानपणी कोकरू काखेत मारून ती नदी पार करायची. लग्नानंतर पहिल्यांदा जावई सासुरवाडीला गेला तेव्हा मेहुण्यांनी त्याला नदीवर नेलं, मोठ्या हौसेनं. धुळानं सांगितलं की खाऱ्या पाण्याची सवय लागली की गोडं पाणी अंगाला बाधतं. मेहुण्यांना ते पटलं. केराबाई वर खडकावर धुणं धूत होती. तिनं नवऱ्याचे पाय पाहिले. पाण्यापासून हातभर दूर, बोटं वाळूत रुतवून तो असा उभा होता, जशी नवी शेळी नदी पाहून उभी राहते. तिला सगळं कळलं. ती बोलली मात्र नाही. उलट त्या दिवसापासून तिनं स्वतः पोहणं सोडलं. बायको पाण्यात उतरली तर लोक विचारतील, आरमारवाला का उतरत नाही? मैंदर्गीत कोणाला माहीतही नव्हतं की या बाईला पोहता येतं.

असं निभत गेलं, ते त्या उन्हाळ्यापर्यंत.

दानम्माची नात निंगव्वा सात-आठ वर्षांची होती. मळ्यातल्या विहिरीवर पाणी शेंदताना कठड्याचा दगड निखळला आणि पोर आत गेली. विहीर खोल, पायऱ्या नसलेली. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, तरी दोन पुरुष खोल होतं. पोरीचं नशीब की भिंतीतल्या एका कपारीत तिची बोटं अडकली. ती लोंबकळत राहिली.

मळ्यात पोहणारे गडी होते, काठावर धोतर खोचून उभेही होते. पण त्यांनी विचार केला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. पोर धरून आहे. कच्च्या माणसानं उडी टाकली आणि तिनं घाबरून गळ्याला मिठी मारली तर दोघंही जातील. बाजार हाकेवर आहे, आणि आपल्या गावात आरमारवाला असताना आपण घाई कशाला करायची? एकजण धावत सुटला.

धुळा आला तेव्हा गर्दी आपसूक बाजूला झाली. त्यानं खाली पाहिलं. पोरीचं तोंड वर होतं आणि ती नेमकी त्याच्याकडंच पाहत होती.  त्या घडीला त्यानं एवढंच म्हणायला हवं होतं की मला येत नाही, तुम्ही उतरा. चार शब्दांचं काम. शेजारी दोन पोहणारे गडी उभे होते. आणि धुळानं काय केलं? त्यानं पैरण काढली. दोर मागितला. दोर आला, तो ओढून पाहिला, म्हणाला हा कुजका हाय, मोटेचा नाडा आणा. नाडा आला. मग मोटेचं चाक हलवून पाहिलं, कुरकुरतंय म्हणाला. नाड्याला न आवळणारा फास मारला, तो सोडला, पुन्हा मारला. लोक त्याचे हात पाहत होते आणि त्यांना वाटत होतं, जाणता माणूस कसा थंड डोक्यानं काम करतो. खाली पोरीचं एक बोट सुटलं होतं.

दुपारची भाकरी घेऊन केराबाई दुकानावर गेली होती. तिथून ती गर्दीमागं आली. तिनं नवऱ्याच्या हातातला नाडा पाहिला, त्याचा चेहरा पाहिला. भाकरीचं फडकं तिथंच टाकलं, लुगडं खोचलं आणि कोणाला काही कळायच्या आत तिनं उडी घेतली.

पाण्याचा आवाज झाला आणि त्याच वेळी निंगव्वाचा हात सुटला. केराबाई तिच्यामागं पाण्याखाली गेली. वर आली ती पोरीला केसांना धरून. "नाडा सोडा," एवढं ती ओरडली. धुळानं नाडा सोडला. फास पोरीच्या काखेखाली बसला, गड्यांनी ओढलं, पोर वर आली. मग केराबाई आली. निंगव्वाच्या नाकातोंडात पाणी गेलं, मनगट दगडानं सोललं, पण पोर जगली.

इथं धुळाची सुटका होती. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की उडी कोणी टाकली. पण लोकांना एकदा गोष्ट पाठ झाली की समोरचं दिसत नाही. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की आरमारवाल्यानं सगळं आधीच ठरवलं होतं, वरून नाडा आणि खालून माणूस, ही जहाजावरची रीत. बायकोला पोहायला त्यानंच शिकवलं, नाहीतर धनगराच्या बाईला कुठलं पोहता येतंय. जे गडी काठावर उभे होते तेच हे सगळ्यात जोरात सांगत होते. त्यांनाही उडी न टाकल्याचं काहीतरी झाकायचं होतं.

सोमवारी दानम्मानं महादेवाच्या देवळापुढं चार माणसं जमवली आणि धुळाला फेटा बांधवला. केराबाईची खणानारळानं ओटी भरली, पण बायांच्या गर्दीत, मागं. धुळानं फेटा बांधून घेतला. होय, बांधून घेतला. तोंड उघडायला त्यानं दोनदा श्वास घेतला आणि दोनदा सोडला. फेट्याचा पीळ डोक्याभोवती फिरत होता, आणि त्याला कपारीत अडकलेली ती बोटं दिसत होती. घरी येताना तो बायकोच्या पुढं चालत होता, कारण मागं राहिलं तर तिच्याबरोबर चालावं लागलं असतं.

घरी तिनं फेट्याची घडी घालून तो पेटीत ठेवला. भाकरी वाढली. त्यानं ताट बाजूला सारलं. तो म्हणाला, "केरा, तुला कवापासनं ठावं हाय?"

ती म्हणाली, "म्हायेरच्या नदीवर गेलो हुतो, तवापासनं."

"आन् बोलली न्हाईस?"

"तुमी बोलशीला म्हून वाट बघत हुते."

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता. एवढी वर्षं ही बाई आपलं पोहणं गिळून बसली होती, आणि कशासाठी, तर त्याच्या एका 'तर'साठी. धुळाला त्या रात्री स्वतःची जेवढी शिसारी आली तेवढी कधी आली नव्हती.

तरी दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडून बसलाच, आणि लोक आले की पुन्हा मान खाली. लाज वाटणं वेगळं आणि लाजेपोटी काही करणं वेगळं. पुष्कळ माणसं पहिल्यावरच जन्म काढतात. धुळानंही काढला असता. पण पोर पडल्यापासून गावातल्या आया धास्तावल्या होत्या. पोरांना पोहता आलं पाहिजे असं सगळ्यांनी ठरवलं, आणि शिकवणार कोण हे ठरवायची कोणाला गरजही वाटली नाही. दानम्मा दुकानावर येऊन सांगून गेली की उद्या सकाळी देवळामागच्या पायऱ्यांच्या विहिरीवर सगळी पोरं येतील, तू ये. धुळा हातातला पाना पुसत राहिला. म्हातारीनं त्यालाच होकार समजला आणि ती निघून गेली.

सकाळी तो गेला. त्यानं केराबाईला बरोबर घेतलं, का ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पोरं पाठीला तरंगायचे वाळके भोपळे बांधून पायऱ्यांवर बसली होती, गलका करत. आया वर उभ्या होत्या. ते दोन गडीही मजा पाहायला आले होते. सगळ्यांच्या शेवटी, वरच्या पायरीवर दानम्मा निंगव्वाचा हात घट्ट धरून बसली होती. पोरीच्या मनगटावरची खपली अजून पडली नव्हती. पाण्याकडं ती पाहतच नव्हती.

दानम्मा म्हणाली, "हिचं भ्या काढ, धुळप्पा. तू हाईस म्हून आणली. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी हिला पाण्याजवळ आणली नसती."

धुळानं मान खाली घातली. सवयच ती. मग त्यानं मान वर केली.

"अव्वा, मला पवता येत न्हाय. कवाच येत नव्हतं. मी जहाजात कोळसा वडत हुतो."

कोणीतरी हसलं. आरमारवाला थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. एक गडी म्हणाला की मग त्या दिवशी नाडा घेऊन काय करत होतात?

"येळ काडत हुतो," धुळा म्हणाला. "पोरीची बोटं सुटत हुती, मला दिसत हुतं, आन् मी गाठी मारत हुतो. तुमी उतरला असता. म्या उतरू दिलं न्हाय, माझं नाव जाईल म्हून. उडी टाकली ती हिनं. हिला मी शिकिवलं न्हाय. ही तिच्या नदीत शिकली."

हसणं थांबलं. गडी एकमेकांकडं न पाहता दुसरीकडं पाहू लागले.  दानम्मानं निंगव्वाला ओढून आपल्या पाठीमागं घेतलं, कुत्रं अंगावर आल्यावर पोराला घेतात तसं. धुळाला शिव्या चालल्या असत्या. गावातून निघून जा म्हटलेलंही चाललं असतं. ते मागं ओढणं मात्र त्याच्या काळजात रुतलं.

तो माघारी फिरला नाही. विहिरीच्या कडेला एक भोपळा उरला होता, तो त्यानं उचलून बायकोपुढं धरला आणि म्हणाला, "बांध. ह्या पोरांना तू शिकव. त्यांच्यासंगं मलाबी."

केराबाईनं भोपळा त्याच्या पाठीला बांधला. दोराचं दुसरं टोक तिनं हातात घेतलं. चाळिशी ओलांडलेला, छातीचे केस पिकलेला माणूस पाठीवर भोपळा घेऊन पायऱ्या उतरू लागला आणि पोरांत खुदखुद सुरू झाली. मग आयाही पदराआड हसल्या. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. कमरेला लागलं तेव्हा त्याचे दात वाजायला लागले, आणि तो उन्हाळ्याचा दिवस होता. त्यानं भिंत धरली. वरून केराबाई म्हणाली की भिंत सोडा, मी धरलंय. त्याला ती सोडवेना. हसणं वाढलं. एवढ्या वर्षांची लाज एका सकाळी फिटेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ती फिटतही नव्हती. नुसती सगळ्यांसमोर आली होती.

निंगव्वा म्हातारीच्या पाठीमागून डोकावली. हात म्हातारीच्याच मुठीत ठेवून ती एक पायरी खाली आली आणि तिनं विचारलं, "तुमाला भ्या वाटतंय?"

"लई," धुळा म्हणाला.

 पोर आजीकडं वळून कानडीत म्हणाली की यालासुद्धा भीती वाटते. दानम्मानं धुळाच्या भिंतीला चिकटलेल्या बोटांकडं पाहिलं, आणि नातीचा धरलेला हात सोडला.